सहा जानेवारीपर्यंत चालणारा नाताळ

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही. त्या दिवशी तो नुकता कुठे रंगात आलेला असतो. २२ डिसेंबरच्या सकाळी लॉटरीच्या सोडतीने त्याला तोंड फुटते, मध्ये नाताळची जेवणे, वर्षअखेरीची द्राक्षे आणि मुलांची पत्रे येतात, आणि ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांच्या सणाने सांगता होते. पतींची नोकरी अलिकांते शहरात असल्यामुळे आम्ही त्याच प्रांतातल्या व्हियाहोयोसा या समुद्रकाठच्या गावात राहत होतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही रस्त्यांवरची रोषणाई पाहून घरी परतत होतो, आणि घरात काही मांडल्या-शिजवल्याशिवाय हा सण हाती लागत नाही हे तेव्हाच जाणवले होते. पुढच्या हिवाळ्यात सासूबाई साताऱ्याहून राहायला आल्या, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा झाला होता, आणि शेजारच्या आजींशी आमचा चांगला घरोबा जमला होता. मुले त्यांना इथल्या रीतीप्रमाणे ‘याया’ म्हणत. त्या वर्षी सगळे साग्रसंगीत करायचे ठरले.

व्हियाहोयोसा हे मूळचे मासेमारीचे गाव. समुद्रासमोरच्या घरांना पिवळा, निळा, विटकरी असे भडक रंग दिलेले आहेत. आमादोरियो नदीच्या बाजूची जुनी घरे तर काठावरून खाली लटकल्यासारखी दिसतात. मागे पुच काम्पाना हा सुमारे १४०० मीटर उंचीचा डोंगर आहे. गावाची दुसरी ओळख चॉकलेटची. १८८१ साली सुरू झालेली ‘वालोर’ ही प्रसिद्ध चॉकलेट कंपनी इथलीच, आणि कोको, साखर, तांदळाचे पीठ व दालचिनी घालून केलेली, पातेल्यात दुधाबरोबर उकळून प्यायची चॉकलेटची वडी हे इथले घरगुती वैशिष्ट्य. दहाएक किलोमीटरवरच्या बेनिदोर्ममध्ये हिवाळ्यातही पर्यटकांची वर्दळ असते, पण आमचे गाव डिसेंबरात पुन्हा गावकऱ्यांचे होते. दुपारी उन्हात पंधरा-सोळा अंश तापमान असते आणि लोक कोट घालून वाळूत बसलेले दिसतात. थंडी खरी वाजते ती घरात, कारण फरशा गार आणि भिंती उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेल्या. यायांच्या घरी गोल टेबलाखाली विजेची शेगडी होती आणि टेबलावर जमिनीपर्यंत पोहोचणारे जाड कापड. त्या कापडाखाली पाय घालून बसायचे. सासूबाईंना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, पण त्या टेबलाशी त्यांचे लगेच जमले.

सुरुवात ‘बेलेन’पासून झाली. बेलेन म्हणजे येशूच्या जन्माचा, बेथलेहेमचा देखावा. पण इथल्या देखाव्यात गोठा हा एक कोपरा असतो आणि बाकी सगळे गावच उभे केलेले असते. बुचाच्या सालीचे डोंगर, शेवाळाची कुरणे, चांदीच्या कागदाची नदी, भाकऱ्या भाजणारा, कपडे धुणारी बाई, मासे विकणारा, विहिरीवरची मुलगी अशा मातीच्या मूर्ती दरवर्षी दोन-चार विकत घेऊन लोक हे गाव वाढवत नेतात. व्हॅलेन्सिया आणि कॅटलोनियाच्या भागात त्यात झुडपाआड परसाकडे बसलेला एक माणूसही असतो. तो सुबत्ता आणतो असे मानतात. मुलांना अर्थातच सगळ्यात आधी तोच हवा होता. सासूबाईंनी ‘देवापुढे हे कसले’ म्हणून त्याला डोंगरामागे ठेवला, आणि मुलाने तो रोज पुढे आणून ठेवला.

बेलेन मांडण्याचे दोन नियम यायांनी सांगितले. बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गोठ्यात ठेवायची नाही, आणि तीन राजे अगदी लांब उभे करून त्यांना दररोज थोडे थोडे पुढे सरकवायचे, म्हणजे ते ६ जानेवारीला बरोबर गोठ्यापाशी पोहोचतात. आमचे राजे पुस्तकांच्या फडताळावरून निघाले. रोज सकाळी दात घासण्याआधी उंट सरकवणे हे मुलाचे काम ठरले, आणि मला वाटते, चार वर्षांच्या मुलाला ‘अजून किती दिवस’ हे समजावण्याचा याहून चांगला उपाय नसेल. एका रविवारी ट्रामने अलिकांतेला जाऊन तिथल्या नगरपालिकेच्या चौकातला राक्षसी देखावाही पाहिला. त्यातल्या जोसेफची मूर्ती १८ मीटरची आहे, आणि २०२० साली या देखाव्याची जागतिक विक्रम म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. फोटो काढायला तो चांगला आहे. त्याच्या पायाशी उभे राहिले की फक्त झग्याच्या चुण्या दिसतात.

गोडाधोडाकडे मी जास्त लक्ष दिले, हे मान्य करायला हवे. अलिकांते प्रांत हे तुर्रोनचे, म्हणजे मध-बदामाच्या वडीचे, माहेर, आणि हिहोना हे डोंगरातले गाव त्याचे केंद्र. डिसेंबरच्या सुरुवातीला, हंगाम जोरात असताना, आम्ही तिथल्या तुर्रोनच्या संग्रहालयात गेलो. तिथून खालचा कारखाना चालू असलेला दिसतो. मध आणि साखरेचा पाक मोठ्या कढईत घोटला जातो, त्यात अंड्याचा पांढरा बलक पडतो, मग भाजलेले बदाम. हे मिश्रण तसेच पातळ पापडीसारख्या वेफरमध्ये थापले की कडक, अख्ख्या बदामांचे अलिकांते तुर्रोन होते. तेच थंड करून दळले आणि खोलगट भांड्यात जाड मुसळाखाली पुन्हा गरम करत कुटत राहिले की बदामाचे तेल सुटते आणि मऊ, तपकिरी, बोटाला तुपकट लागणारे हिहोना तुर्रोन तयार होते. सर्वोत्तम प्रतीच्या हिहोना तुर्रोनमध्ये बदामाचे प्रमाण किमान ६४ टक्के असावे लागते, त्यामुळे विकत घेताना वेष्टनावरचा हा आकडा आधी पाहावा. सासूबाई अंडे खात नसल्यामुळे त्यांच्यापुरती आम्ही बदामाची चिक्की केली, आणि यायांच्या नातवंडांनी तीच आधी संपवली.

यायांच्या स्वयंपाकघरात आम्ही रताळ्याचे ‘पास्तिसेत’ केले. रताळी उकडून, साखर, दालचिनी आणि लिंबाची किसलेली साल घालून आटवायची. पीठ तेल आणि गोड मद्य घालून मळायचे. लाटीत सारण भरून अर्धचंद्राकृती दुमडायचे आणि कडा काट्याने दाबून भट्टीत भाजायचे. करंजी जन्मभर केलेल्या बाईला यात शिकण्यासारखे काहीच नव्हते. सासूबाईंनी काटा बाजूला ठेवला आणि बोटांनी मुरड घालायला सुरुवात केली. याया पहिल्यांदा नुसत्या पाहत राहिल्या, मग त्यांनी चष्मा आणला, सासूबाईंचा अंगठा धरून ती मुरड हळू करून दाखवायला लावली, आणि पुढचा ताटभर माल दोघींनी मिळून मुरडला. भट्टीत काहींची मुरड सुटली. तेलातले पीठ खुसखुशीत खरे, पण मुरड धरून ठेवण्याइतके चिवट नसते.

२२ डिसेंबरची लॉटरी ही सरकारी असली तरी ती घरगुतीच वाटते. तिची पहिली सोडत १८१२ साली काडिझ या दुसऱ्या किनारी शहरात, नेपोलियनविरुद्धच्या युद्धाच्या धामधुमीत, सरकारी तिजोरी भरण्यासाठी झाली होती. आता ती माद्रिदला होते. तिकिटाचा दहावा हिस्सा, म्हणजे ‘देसिमो’, २० युरोंना मिळतो, आणि पहिले बक्षीस लागले तर त्यावर ४ लाख युरो मिळतात. पण एकट्याने तिकीट घेणारे कमीच. कचेरीतले सगळे एक क्रमांक घेतात, बेकरीचे गिऱ्हाईक दुसरा, नात्यातली माणसे तिसरा, कारण शेजाऱ्याला बक्षीस लागले आणि आपण मात्र त्या क्रमांकात नाही, ही कल्पनाच कोणाला सहन होत नाही. त्या सकाळी प्रत्येक बारमध्ये आणि घरात दूरदर्शन संच सुरू असतो आणि सान इल्देफोन्सो शाळेची मुले क्रमांक व बक्षिसाची रक्कम एका लयीत गातात. तासन्‌तास तेच. जुगार म्हणून सासूबाईंचा या प्रकाराला विरोध होता. तरीही त्या यायांच्या टेबलाशी स्वेटर विणत सोडत संपेपर्यंत बसल्या. आमच्या देसिमोचा शेवटचा आकडा जुळल्याने लावलेले २० युरो परत मिळाले. इथे यालाच नशीब म्हणतात, आणि बहुतेक लोक त्या पैशांतून जानेवारीतल्या दुसऱ्या सोडतीचे तिकीट घेतात.

२४ तारखेची रात्र, नोचेबुएना, ही मात्र पूर्णपणे घरातली. एरवी रात्री अकराला गजबजलेले रस्ते त्या दिवशी आठ-साडेआठलाच ओस पडतात, बार बंद होतात, नऊ वाजता स्पेनच्या राजाचे भाषण प्रसारित होते आणि त्यानंतर जेवण. या जेवणाला सहसा बाहेरच्यांना बोलावत नाहीत, त्यामुळे ते आम्ही घरीच केले. मासळीबाजारात आदल्या दोन दिवसांपासून लाल कोळंबीचे भाव चढलेले होते. या किनाऱ्याची ही कोळंबी खोल पाण्यातली, आणि ती नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून किंवा तव्यावर परतून खातात, मसाल्याचा प्रश्नच नाही. पतींनी आणि मी ती अर्धा किलो आणली. सासूबाईंनी साबुदाण्याच्या खिचडीवर समाधान मानले. मध्यरात्री गावातल्या किल्ल्यासारख्या जाड भिंतींच्या चर्चमध्ये प्रार्थना असते. मुले तोवर टिकली नाहीत, पण मुलीने झोपण्याआधी बाळ येशूला गोठ्यात ठेवण्याचे काम विसरू दिले नाही.

२५ तारखेला दुपारी आम्ही यायांकडे जेवायला गेलो. व्हॅलेन्सियाच्या भागात या दिवशी मांस, चणे आणि भाज्या तासन्‌तास शिजवून केलेल्या रश्शात ‘पेलोता’, म्हणजे खिमा, पाव आणि चिलगोजे यांचे मोठे गोळे, वाढतात. आधी रस्सा, मग त्यातले जिन्नस, मग मासे, मग फळे, मग तुर्रोनचे ताट, आणि जेवणानंतर तितकाच वेळ नुसते टेबलाशी बसून बोलणे. सासूबाईंसाठी यायांनी भाजलेले वांगे, कांदा आणि लाल ढोबळी मिरची पसरलेली ‘कोका’, म्हणजे चपटी भाजलेली पोळी, वेगळी केली होती. त्यात मासा नाही हे पटवून देण्यासाठी त्यांनी ट्यूनाचा न उघडलेला डबा आणून दाखवला. जेवण संपले तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

२८ डिसेंबरला ‘निरागसांचा दिवस’ असतो. हेरोद राजाने मारलेल्या बालकांच्या स्मरणाचा हा दिवस, पण प्रत्यक्षात लोक एकमेकांच्या पाठीवर कागदाचा बाहुला चिकटवून थट्टा करतात. पती दिवसभर कचेरीत तो बाहुला घेऊन वावरले.

वर्षअखेरीला मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांबरोबर एकेक खायची बारा द्राक्षे हा या प्रांताचा खास अभिमान आहे, कारण देशभर खाल्ली जाणारी बरीचशी द्राक्षे इथल्याच विनालोपो नदीच्या खोऱ्यातून जातात. तिथे ‘आलेदो’ जातीचे घड वेलीवरच कागदी पिशवीत बांधून ठेवतात, त्यामुळे पाऊस, किडे आणि पाखरे यांपासून ते वाचतात, सावकाश पिकतात आणि डिसेंबरपर्यंत ताजे तोडता येतात. १९०९ साली उदंड पीक आले तेव्हा अलिकांतेच्या बागायतदारांनी ही प्रथा देशभर पसरवली असे सांगतात. माद्रिदच्या वर्तमानपत्रांत तिचे उल्लेख मात्र त्याच्याही आधीचे सापडतात. ३१ तारखेला संध्याकाळी आम्ही सहा वाट्या मांडल्या, यायांची धरून. अख्खे द्राक्ष लहान मुलांच्या घशात अडकू शकते, हे इथले बालरोगतज्ज्ञ दरवर्षी बजावतात, म्हणून मुलाच्या वाटीतली द्राक्षे सोलून, बिया काढून, लांबीत चार फोडी केल्या होत्या. सासूबाईंच्या कवळीचा विचार करून त्यांचीही सोलली.

दूरदर्शनवर माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातले घड्याळ दाखवतात. आधी पावतासांचे जोडठोके पडतात आणि नवखा माणूस तिथेच खायला सुरुवात करतो. त्यानंतरच साधारण तीन सेकंदांच्या अंतराने बाराचे खरे ठोके येतात. तीन सेकंदांत एक द्राक्ष चावून गिळणे सोपे वाटते, पण पाचव्या-सहाव्या ठोक्याला तोंड भरते आणि समोरच्याकडे पाहिले की हसू फुटते. मुलीने बाराही संपवली. यायांनी तर ती कोणालाही कळू न देता, न हसता संपवली. सासूबाई सातव्यावर थांबल्या आणि उरलेली नंतर निवांत खाल्ली. नवीन वर्षासाठी लाल अंतर्वस्त्र घालायचे आणि तेही दुसऱ्या कोणी भेट दिलेले असावे, हा आणखी एक रिवाज आहे. यायांनी सासूबाईंना कागदात गुंडाळून काय दिले, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही.

मुलांच्या दृष्टीने खरा सण यापुढे असतो, कारण स्पेनमध्ये भेटी मुख्यतः मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार हे तीन राजे आणतात. सांताक्लॉजही आता बऱ्याच घरांत येतो, पण तो पाहुणा. मुले राजांना पत्र लिहितात आणि राजांचा दूत ते स्वीकारतो. यासाठी ४ जानेवारीला आम्ही डोंगरातल्या अल्कॉयला गेलो. तिथली राजांची मिरवणूक, म्हणजे काबाल्गाता, स्पेनमधली सगळ्यात जुनी मानली जाते. तिची नोंद १८६६ सालची आहे. आदल्या संध्याकाळी राजदूत येऊन राजाज्ञा वाचतो आणि पाठीवर टपालपेट्या बांधलेली गाढवे गल्ल्यांतून फिरतात. किनाऱ्यापेक्षा थंडी कितीतरी जास्त होती. मुलाने पत्र पेटीत टाकले आणि गाढवाच्या कानाला हात लावायला मिळाला म्हणून तो राजांना विसरूनच गेला. दुसऱ्या दिवशी तिथे राजांचे सेवक शिड्या लावून बाल्कनीतून घरोघरी भेटी पोहोचवतात. ते दृश्य फार विलक्षण असले तरी सेवकांनी तोंडाला काळा रंग फासण्याच्या प्रथेवर स्पेनमध्येच गेली काही वर्षे वाद चालू आहे, आणि मलाही ती खटकते. जुनी परंपरा आहे एवढ्याने त्याचे समर्थन होते असे मला वाटत नाही.

५ जानेवारीची संध्याकाळ आम्ही आपल्या गावात घालवली. या किनाऱ्यावरच्या अनेक गावांत राजे उंटांऐवजी बोटीतून बंदरात उतरतात, आणि मच्छीमारांच्या वस्तीला ते शोभूनही दिसते. मिरवणुकीसाठी लवकर जाऊन जागा धरावी लागते, आणि सोबत छत्री न्यावी लागते, पावसासाठी नव्हे तर उलटी धरून गोड गोळ्या झेलण्यासाठी. रथांवरून मूठ-मूठ गोळ्या उडतात. लहान मुलांच्या पुढे सरसावण्यात सगळ्यात तरबेज असतात त्या पासष्टीच्या पुढच्या बायका. यायांनी आम्हाला कोपऱ्यावरची जागा निवडायला सांगितली होती, कारण वळणावर रथ हळू होतात; त्याचा पुरेपूर फायदा झाला आणि आमची कापडी पिशवी अर्धी भरली. बाल्तासारचा रथ आला तेव्हा मुलगा इतका जोरात ओरडला की राजाने खरोखर वळून त्याच्याकडे हात केला. घरी आल्यावर मुलांनी धुऊन पुसलेले बूट बाल्कनीत मांडले, उंटांसाठी बादलीभर पाणी ठेवले आणि राजांसाठी ताटलीत तुर्रोनबरोबर उरलेली चिक्की.

सकाळी बुटांजवळ भेटी होत्या, बादली अर्धी रिकामी होती, आणि मुलीच्या बुटात साखरेचा काळा कोळसाही होता, कारण तिने शाळेत केलेल्या भांडणाची बातमी राजांपर्यंत गेली होती. फडताळावरून निघालेले तीन उंट गोठ्यासमोर उभे होते. पती बेकरीत रांग लावून आधी नोंदवलेला ‘रोस्कोन’ घेऊन आले. नोंदवला नाही तर ६ तारखेला तो मिळेलच असे नाही. हा कड्यासारखा गोल, संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास येणारा पाव, वर पाकवलेल्या फळांचे तुकडे आणि आत साय. पोटात एक छोटी मूर्ती आणि एक वालाचा दाणा लपवलेला असतो. मूर्ती ज्याला सापडेल तो पुठ्ठ्याचा मुकुट घालतो, आणि दाणा सापडेल त्याने रोस्कोनचे पैसे द्यायचे. मूर्ती मुलाला मिळाली. सासूबाई अंड्यामुळे तो खाणार नव्हत्या, पण त्यांच्या नावाचा तुकडा कापावाच लागतो असा यायांचा आग्रह होता, आणि दाणा नेमका त्याच तुकड्यात निघाला. ‘जो खाल्ला नाही त्याचे पैसे मी का द्यायचे?’ असे त्यांनी मराठीत विचारले. मुलीने भाषांतर केल्यावर यायांनी बराच विचार केला आणि निवाडा दिला की दाणा तुकड्याचा असतो, खाणाऱ्याचा नव्हे. सासूबाईंनी पिशवीतून नोट काढली. याया ती घेईनात. शेवटी संक्रांतीला तिळाचे लाडू करून द्यायचे असे ठरले, आणि तीळ कुठल्या दुकानात मिळतात ते पाहायला दोघी ७ तारखेला, सेलच्या गर्दीत, एकत्र बाहेर पडल्या.